मोठ्या गटाला वही कशाला?

जूनमध्ये आमची बालवाडी उघडली की मोठ्या गटाच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाच्या, पहिल्याच पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. "बाई, लिखाण कधी सुरू करणार?" शेजारच्या मुलीच्या दोन वह्या भरल्या, तिचं एक ते शंभर लिहून झालं, आणि आमचा मुलगा अजून चिंचोकेच खेळतोय. यामागची काळजी मला कळते. पहिलीत मूल मागे पडू नये असं कुणाला वाटत नाही? पण चार-पाच वर्षांच्या मुलाला तासभर आकडे गिरवायला बसवणं मला चुकीचं वाटतं, आणि का ते आज जरा सविस्तर लिहिते.

एक ते पन्नास घडाघडा म्हणणाऱ्या मुलासमोर सात चिंचोके ठेवा आणि मोजायला सांगा. बोट दुसऱ्या चिंचोक्यावर असतं तेव्हा तोंडात चौथा आकडा असतो. एखादा दोनदा मोजला जातो, एखादा सुटतो. समजा, नीट मोजले. मग विचारा, "किती आहेत?" पुष्कळ मुलं पुन्हा एकपासून सुरू करतात. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळे मिळून तेवढे, हे त्यांना अजून उमगलेलं नसतं. वस्तू एकेक करून बाजूला सरकवत, मोठ्यानं मोजत, पुन्हा पुन्हा केलं की ते उमगतं. वहीतल्या शंभर आकड्यांनी ते होत नाही.

त्यातून मराठीत शंभरपर्यंतचे आकडे म्हणजे जवळजवळ सगळंच पाठांतर. एकोणतीस, त्रेपन्न, अडुसष्ट. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ला 'वीस एक' अशा वाचनाचा पर्याय आला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. तो वाद बाजूला ठेवू. पण जे दुसरीत जड जातं की नाही यावरून मोठी माणसं भांडली, ते साडेचार वर्षांच्या मुलाकडून आपण निमूट लिहून घेतो. आमच्या मोठ्या गटात दहा पक्के, वीसपर्यंत ओळख, एवढंच धरतो. बाकीचं पहिलीत येतं, आणि पाया असला की भराभर येतं.

मला सगळ्यात आवडणारा खेळ फोडलेल्या चिंचोक्यांचा. चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू पांढरी, दुसरी काळपट. असे पाच घेऊन ओंजळीत खुळखुळवायचे आणि जमिनीवर टाकायचे. किती पांढरे, किती काळे? "तीन पांढरे, दोन काळे." पुन्हा टाका. "चार आणि एक." सुरुवातीला मुलं बोट ठेवून मोजतात. पुढे नुसती नजर टाकून सांगू लागतात. मग मी वाटी आणते. पाचातले काही वाटीखाली, दोन बाहेर. "आत किती?" मागच्या वर्षी एका मुलीनं पाचही बोटं उघडली, बाहेरच्या दोनसाठी दोन मिटली, उरलेल्या तिघांकडे टक लावून बघत राहिली आणि एकदम ओरडली, "तीन!" बेरीज, वजाबाकी हे शब्दही तिनं ऐकले नव्हते. (तीन वर्षांच्या मुलांना चिंचोके देऊ नका, नाकाकानात जातात. त्यांना बाटल्यांची झाकणं बरी.)

पटावरच्या खेळांचंही तेच. अमेरिकेत गीता रामाणी आणि रॉबर्ट सिग्लर यांनी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब घरांतल्या बालवाडीतल्या मुलांना एक ते दहा घरांचा सरळ पट दिला आणि पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठकांत तो खेळवला. मुलांची संख्यांची समज वाढली आणि नऊ आठवड्यांनी तपासलं तेव्हाही टिकून होती. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेला पट खेळलेल्या मुलांत असा फरक दिसला नाही. यातली खरी मेख अशी, की सोंगटी पाचवर असेल आणि दोन पडले, तर "एक, दोन" म्हणायचं नाही. "सहा, सात" म्हणत पुढे जायचं. आम्ही हाच पट खडूनं फरशीवर काढतो आणि मुलं स्वतःच सोंगट्या होतात. खर्च शून्य.

भाषेकडे वळते, कारण तिथे घाई आणखी नुकसान करते. अक्षर डोळ्यांनी ओळखायच्या आधी त्याचा आवाज कानाला सुटा ऐकू यायला हवा. त्यासाठी टाळ्या वाजवत शब्द फोडतो. 'का-गद' म्हणताना मुलं दोन टाळ्या वाजवतात. एकदा एक आजोबा वर्गात बसले होते, ते म्हणाले, "अहो, तीन अक्षरं आहेत ना!" लिहिताना तीन, बोलताना दोनच तुकडे. मुलांचा कान बरोबर सांगत असतो, तेव्हा तिथे टोकायचं नाही. मग भेंड्या. गाण्यांच्या नव्हे, नुसत्या शब्दांच्या: "म ने सुरू होणारं काय काय?" मीठ, मांजर, मामा, मिरची. कुणी मध्येच 'भाकरी' म्हणतं, आणि दुसरं मूल लगेच, "ते भ चं आहे!" अशी चूक मुलांनी मुलांची काढली की ती लक्षात राहते.

वाचनाची सुरुवात आम्ही नावांपासून करतो. दारात सगळ्यांच्या नावांच्या पट्ट्या ठेवलेल्या असतात. आलं की आपली पट्टी शोधायची आणि दोरीवर लावायची, हीच हजेरी. स्वतःचं नाव हा मुलाला सगळ्यात जवळचा शब्द. दिवाळीपर्यंत बहुतेकांना शेजाऱ्याचीही पट्टी ओळखता येते. आणि रोज एक गोष्ट, पुस्तक हातात धरून, ओळीखाली बोट फिरवत. हे कधी चुकवत नाही.

यात नवीन काही नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी हेच काम केलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा शिंपले, बिया, खडे घेतले. मुलं शाळेत येईनात, तर बालवाडी त्यांच्या पाड्यावरच्या अंगणात नेली. आज अंगणवाडी हा शब्द देशभर सरकारी कागदांवर आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एक सलग टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला. धोरण आपल्या बाजूनं आहे, परंपरा आपल्या बाजूनं आहे, आणि तरी मुलांच्या दप्तरात पाच-पाच वह्या. हे बघून मला खरोखर वाईट वाटतं.

"मग हात कधी वळणार?" असंही विचारतात. मटार सोलू द्या, कणकेचे गोळे करू द्या, हार ओवू द्या. एक झेंडू, दोन शेवंती, पुन्हा एक झेंडू, दोन शेवंती. ओवता ओवता पुढचं फूल कोणतं ते मूल स्वतः सांगेल, आणि बोटांत बळ येईल ते वेगळंच. ताटं घ्यायला सांगा: आज पाहुणे दोन, मग ताटं किती? घरी आजी असेल तर तिला जुनी बडबडगीतं म्हणायला लावा, मोबाइल बाजूला ठेवून.

आणि पुढच्या वर्षी प्रवेशासाठी शाळा बघायला जाल, तेव्हा भिंतीवरच्या चित्रांना भुलू नका. मुलांचा हात पोचेल अशा फळीवर बिया, ठोकळे, पुस्तकं आहेत का बघा. पुस्तकांचे कोपरे दुमडलेत का, तेही बघा. बाईंना वह्या किती आणायच्या ते विचारण्याआधी, रोज गोष्ट सांगता का, एवढं नक्की विचारा.