सबटायटल झाकून बघा

हातखुणांनी बोलते असं सांगितलं जाणाऱ्या कोको गोरिलाची चित्रफीत बडोद्याच्या ग्रुपवर आली की दोन तट पडतात. एक म्हणतो, फक्त माणसालाच भाषा येते हा गर्व उतरला. दुसरा म्हणतो, सगळं अमेरिकन थोतांड. अमेरिकेत राहून हा वाद वाचताना खटकतं ते हे, की दोघंही निकालावर भांडतात. नोंदवही कुणीच मागत नाही.

वही आधी वॉशू या चिंपांझीची बघावी. चिंपांझीचा घसा आपल्यासारखं बोलायला साथ देत नाही, म्हणून गार्डनर या संशोधक दांपत्याने १९६६ पासून नेवाडात तिला बधिरांच्या हातखुणा शिकवल्या. खूण ‘आली’ असं धरायचा नियम कडक होता: तीन वेगवेगळ्या निरीक्षकांनी ती योग्य प्रसंगी बघायची आणि मग सलग १५ दिवस रोज निदान एकदा ती आपणहून दिसायची. चाचणीत वॉशूला चित्र दिसे, पण खूण टिपणाऱ्याला ते दिसत नसे. हे महत्त्वाचं, कारण बर्लिनचा ‘हुशार हान्स’ घोडा गणितं सोडवत नव्हता, समोरच्या माणसाच्या मानेची हालचाल वाचत होता. मानसशास्त्रज्ञ फुंग्स्टने ते १९०७ मध्ये उघड केलं. वॉशू वस्तूंना नावं देत होती, हे मी मान्य करतो. वाक्य मात्र वेगळी गोष्ट आहे.

तिथेच कोलंबिया विद्यापीठातल्या नीम या चिंपांझीने सगळ्यांना जमिनीवर आणलं. त्याच्यावर प्रयोग करणारे हर्बर्ट टेरेस यांना चिंपांझी वाक्य करतो हेच सिद्ध करायचं होतं. नीमला १२५ खुणा आल्या, त्याच्या खुणांच्या जोडण्या १९ हजारांच्या वर भरल्या. मग टेरेसनी चित्रफिती एकेक चौकट थांबवून पाहिल्या, आणि दिसलं की शिक्षकाने नुकत्याच केलेल्या खुणा नीम बऱ्याचदा परत करतो. आपणहून सुरू केलेलं बोलणं फार थोडं. त्याची सर्वांत लांब रांग १६ खुणांची: ‘दे संत्रं मला दे खा संत्रं मला खा संत्रं दे मला खा संत्रं दे मला तू’. वेगळ्या खुणा मोजा, पाचच निघतात. रांग लांबली, अर्थ काही वाढला नाही. १९७९ मध्ये टेरेसनी आपल्याच प्रकल्पाच्या विरोधात निष्कर्ष छापला. इकडची ही सवय मला मनापासून घ्यावीशी वाटते.

बडोद्याच्या मराठी घरातलं अडीच वर्षांचं पोर ‘मी करलं’ म्हणतं. घरात तसं कुणी बोलत नाही, म्हणजे ती नक्कल नव्हे. ‘बसलं’, ‘धरलं’ ऐकून नियम त्याने स्वतः बसवला. अंगणात तेच पोर खाऊच्या लालचेशिवाय गुजराती उचलतं. नीमच्या नोंदींत अशी नियमाची चूक सापडत नाही.

वानरांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा कान्झी या बोनोबोचा (चिंपांझीच्या जवळच्या भाऊबंदाचा) आहे, आणि तो समजण्याचा आहे, बोलण्याचा नाही. ६६० तोंडी सूचनांपैकी सुमारे ७२ टक्के त्याने बरोबर पाळल्या. दोन वर्षांच्या मुलीने ६६ टक्के. चाचणीच्या एका भागात सूचना देणारी व्यक्ती एकतर्फी काचेमागे होती, म्हणजे हान्सची वाट बंद. ‘लिंबूपाण्यात कोक ओत’ आणि ‘कोकमध्ये लिंबूपाणी ओत’ अशी उलटसुलट वाक्यंही होती. तरी ‘हे आणि ते’ अशा दोन वस्तू सांगितल्या की तो बहुधा एकच घेई. मुलीची तिथे इतकी पंचाईत होत नव्हती.

कोकोचं प्रकरण सर्वांत कच्चं. हजाराहून जास्त खुणांचा दावा, पण मूळ नोंदी बाहेरच्या संशोधकांना तपासायला जवळजवळ मिळाल्याच नाहीत. खूण असंबद्ध निघाली तर ती थट्टा करते आहे किंवा इंग्रजी शब्दाशी यमक जुळवते आहे, असा खुलासा तिच्या शिक्षिकेकडून येई. असा खुलासा चालत असेल तर चूक कधी नोंदलीच जाणार नाही. तेव्हा ‘तिकडे सिद्ध झालंय’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, प्रसिद्धीच्या मोहातून इथलं संशोधनही सुटलेलं नाही. किंमत प्राण्यांनी मोजली. नीमला पुढे वैद्यकीय प्रयोगशाळेत विकलं; लोकांनी आरडाओरडा केल्यावर तो सुटला आणि २००० साली टेक्सासच्या प्राणी-आश्रयस्थानात मेला.

भारताच्या रानात अशा बिनशेपटीच्या वानरांपैकी फक्त ईशान्येकडचा हुलॉक गिबन, त्यामुळे असे प्रयोग आपल्याकडे होणं कठीण, आणि होऊही नयेत. तपासणी मात्र सयाजीराव विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या वर्गात एका दुपारी होईल. कोकोची चित्रफीत घ्या, आवाज बंद, सबटायटलवर कागदाची पट्टी. अमेरिकन हातखुणा जाणणाऱ्या दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून प्रत्येक खूण सेकंदासह लिहायला सांगा. खाजवणं, हात पुढे करणं वेगळ्या रकान्यात. तिसऱ्याने फक्त शिक्षिकेचे हात टिपायचे. मग तिन्ही याद्या शेजारी ठेवून दोघांचं जुळलेलं तेवढंच मोजा, आणि त्यातून शिक्षिकेने नुकतंच केलेलं वजा करा. उरेल तो आकडा ग्रुपवर टाका.