माशा भूत नाही

‘माशा अँड द बेअर’ या रशियन कार्टून मालिकेतली माशा ही रशियात खरोखर होऊन गेलेली मुलगी. तिचे आई-वडील सर्कशीत मेले, पाठोपाठ तीही गेली, आणि कार्टूनमधल्या अस्वलाला दिसतो तो तिचा आत्मा. ‘म्हणून तर बाकीचे प्राणी तिला बघून पळतात’, हा पुरावा. हा मेसेज फिरत फिरत माझ्या सात वर्षांच्या भाचीपर्यंत पोचला आणि आता ती रात्री दिवा मालवू देत नाही. पुढे ढकलण्याआधी मालिकेचा एक तरी भाग बघायचा होता!

प्राणी का पळतात हे 7 जानेवारी 2009 ला आलेल्या पहिल्याच भागात सरळ दाखवलंय. अंगणातली बकरी, डुक्कर, कुत्रा, कोंबड्या लपतात, कारण माशा खेळून खेळून त्यांचा जीव काढते. मग ती फुलपाखरामागे अस्वलाच्या घरात शिरते आणि घराचा उकिरडा करते. अस्वल मासे धरून परत येतं तेव्हा तेही हादरतं. यात भुताटकी कुठे आहे? शिवाय ती फक्त अस्वलाला दिसते म्हणावं, तर सशाला, लांडग्यांना, पेंग्विनला, पांडाच्या पिल्लालाही दिसते. लांडगे तर तिला पळवून नेतात आणि तिच्या डॉक्टर-डॉक्टर खेळाने तेच टेकीला येतात. 17व्या भागात ती लापशी शिजवते, भांडं उतू जातं आणि मग ती जंगलभर सगळ्यांना भरवत सुटते. यूट्यूबवर 400 कोटींहून जास्त वेळा पाहिला गेलेला भाग हाच. तो पाहूनही कुणाला ती मेलेली वाटत असेल, तर त्याने तो पाहिलेलाच नाही.

‘खरी मुलगी’ एवढ्यापुरता मेसेज अर्धा बरोबर आहे, हे मान्य करावं लागतं. मालिकेचे निर्माते ओलेग कुझोव्कोव यांनीच सांगितलंय की कल्पना सुचली 1996 मध्ये, समुद्रकिनारी सुट्टीवर असताना. तिथे एक लहान मुलगी कुणाशीही जाऊन खेळायची, बोलायची. सुरुवातीला लोकांना कौतुक वाटलं, नंतर ती दिसली की लोक लपायला लागले. माशाचा स्वभाव तिथून आला. ती मुलगी धडधाकट होती, हे वेगळं सांगायला नको.

नाव आणि जोडी आली जुन्या रशियन लोककथेतून. तिथेही कुणी मरत नाही: जंगलात हरवलेली माशा अस्वलाच्या तावडीत सापडते, पेस्ट्र्यांच्या टोपलीत लपते आणि त्याच्याच पाठीवरून गावी पोचते. सर्कस लोककथेत नाहीच. ती मालिकावाल्यांची भर, आणि तीही अस्वलासाठी: ते सर्कशीतून निवृत्त झालेलं आहे, म्हणून त्याच्या घरात चषक, पदकं, एकचाकी सायकल. माशाच्या आई-वडिलांशी त्याचा काडीचा संबंध नाही.

‘या रहस्यामुळेच कार्टून जगभर चाललं’ हे मेसेजमधलं वाक्यही खोटं. भाग सहा-सात मिनिटांचे, आणि अस्वल एक शब्दही बोलत नाही. नुसतं गुरगुरतं, हुंकारतं, हातवारे करतं. दोन वर्षांच्या पोरालाही कळतं. दुसऱ्या भाषेत नेतानाही बहुतेक भागांत आवाज बदलायचा तो मुख्यतः एकट्या माशाचा.