कपलर बसला म्हणजे मीटर जुळला असं नाही

जुन्या गाडीचा डॅशबोर्डवरचा मीटर बदलायचा म्हटलं की एक सल्ला हमखास पुढे येतो. तो साधारण असा: ‘त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा मीटर आणा, मागचा वायरचा कपलर जोडा, काटे शून्यावर धरून दाबून बसवा. झालं कॅलिब्रेशन, म्हणजे काट्याचं माप जुळलं. किलोमीटरचा आकडा नंतर कुणीही बदलून देतं.’ यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्यापायी चांगल्या गाड्या रस्त्यात बंद पडतात.

‘कपलर बसला की काम झालं.’

कपलर बसला याचा अर्थ प्लास्टिकचा आकार जुळला, एवढाच. मीटर हे अर्धंच यंत्र असतं, उरलेलं अर्धं टाकीत, इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर बसलेलं असतं. पेट्रोलचा काटाच बघा. टाकीतला फ्लोट वरखाली होतो तसा सेन्सरचा रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध, तो ओहममध्ये मोजतात) बदलतो आणि मीटर तो रेझिस्टन्स वाचतो. पण रिकामं म्हणजे किती ओहम, हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलंय. जनरल मोटर्सच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत रिकामी टाकी 0 आणि भरलेली 90 ओहम. बाजारात सुटे मिळणारे बरेच मीटर याच्या उलट चालतात, रिकामी 240 आणि भरलेली 33. आता 0 ते 90 च्या सेन्सरला 240-33 चा मीटर लावला तर काय होईल? टाकी काठोकाठ भरली तरी काटा निम्म्याच्या जरा वर थांबेल, आणि टाकी कोरडी पडत जाईल तसा ‘फुल’कडे सरकेल. वायरिंगमध्ये दोष शोधून सापडणार नाही, कारण वायरिंग ठीकच आहे.

आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे दाखवणाऱ्या काट्याचंही तेच. फोर-स्ट्रोक चार सिलिंडर इंजिनात एका फेऱ्यात 2 स्पार्क पडतात, सहा सिलिंडरमध्ये 3. स्पार्क मोजणारा चार सिलिंडरचा मीटर सहा सिलिंडरच्या गाडीला लावला तर खऱ्या 2000 आरपीएमला तो 3000 दाखवेल. काही मीटरांत यासाठी मागे स्विच असतो, तो आधी बघून घ्या.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत बॅटरीच्या लाल दिव्यातून जाणारा करंटच अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, सुरुवातीला जागं करतो. नव्या मीटरमध्ये तो बल्ब नसेल, किंवा हौसेनं तिथे नुसता एलईडी घातला असेल, तर आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, अल्टरनेटर चार्जच करत नाही. मग लोक बॅटरी बदलतात, अल्टरनेटर उघडतात, आणि मीटरकडे कुणाचं लक्षच जात नाही.

‘काटा शून्यावर दाबला की कॅलिब्रेशन झालं.’

हा सल्ला सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

केबलवर चालणाऱ्या स्पीडोमीटरमध्ये फिरतं चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढतं आणि बारीक केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते. शून्याजवळ जी छोटी पिन दिसते, तिच्यावर काटा स्प्रिंगच्या ताणानं टेकलेला असतो. काटा अलगद उचलून पिनवरून पलीकडे सोडा, तो शून्याच्या बराच खाली जाऊन थांबेल. ती त्याची खरी मोकळी जागा. काटा उपटण्याआधी तिथे पेन्सिलनं खूण करायची आणि परत बसवताना काटा त्याच खुणेवर बसवून मग पिनवर चढवायचा. थेट शून्यावर दाबला तर तो ताणच जातो आणि मीटर प्रत्येक वेगाला जास्त दाखवतो.

एअर-कोअर मीटरमध्ये दोन काटकोनातल्या कॉइल चुंबकाला फिरवतात. सिग्नल नसताना काटा कुठेही राहू शकतो, त्यामुळे बंद मीटरवर शून्य शोधण्यात अर्थ नाही. त्याला ठाऊक असलेला सिग्नल द्या. चार सिलिंडरच्या टॅकोमीटरला (आरपीएमच्या मीटरला) 100 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 100 स्पंद दिले की 3000 दिसायला हवेत. काटा तिथे बसवा आणि मग दोन्ही टोकं तपासा. पायरीपायरीनं फिरणाऱ्या स्टेपर मोटरच्या मीटरला आधी वीज द्या, मोटर मागच्या अडथळ्याला जाऊन आपलं घर शोधेल, मगच काटा बसवा. हातानं जोर लावून फिरवला तर आतले नाजूक प्लास्टिकचे गिअर जातात.

‘जीपीएसपेक्षा जास्त दाखवतोय, म्हणजे मीटर बिघडलाय.’

नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियमन 39 नुसार स्पीडोमीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवायची मुभा खऱ्या वेगाच्या 10 टक्के अधिक 4 किमी इतकी आहे. म्हणजे खरा वेग ताशी 100 असताना 114 पर्यंत चालतं. जीपीएसशी तंतोतंत जुळवलेला मीटर उद्या थोडे मोठे टायर चढवले की कमी दाखवू लागेल, आणि ते धोक्याचं आहे.

‘किलोमीटर कुणीही बदलून देतं.’

आधी तांत्रिक बाजू. अनेक गाड्यांत आकडा मीटरच्या मेमरी चिपमध्ये असतो, काहींत दुसऱ्या मॉड्यूलमध्येही, त्यामुळे दोन आकडे भांडू लागतात. फोक्सवॅगन गटाच्या काही पिढ्यांत तर इमोबिलायझरच, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन रोखणारी यंत्रणाच, मीटरमध्ये आहे. तिथे परका मीटर लावला की इंजिन सुरू होतं आणि दोनेक सेकंदांत बंद पडतं. डीलरकडचं किंवा तशा क्षमतेचं स्कॅनर आणि चावीचा कोड हाताशी नसेल तर त्या गाडीचा मीटर काढूच नका. दुसरा मीटर घालण्यापेक्षा जुन्याच मीटरची मोटर किंवा सोल्डर दुरुस्त करणं अशा गाड्यांत शहाणपणाचं.

आणि आकडा खऱ्या रीडिंगला आणणं वेगळं, कमी करणं वेगळं. कमी करणं ही पुढच्या मालकाची सरळ फसवणूक आहे. टायमिंग बेल्ट बदलायची वेळ तो याच आकड्यावरून ठरवणार असतो. जुना मीटर काढण्याआधी इग्निशन चालू करून रीडिंगचा फोटो घ्या, सर्व्हिस बुकात तारखेसह जुन्या आणि नव्या मीटरचे दोन्ही आकडे लिहा, आणि गाडी विकताना ते पान घेणाऱ्याच्या हातात द्या.