परत येण्याची शपथ घेऊन कायमचे कसे जावे

कॅनडाला शिकायला जायचं ठरवलंत, फार चांगलं केलंत. काय शिकायचं ते नंतर बघू, त्याची घाई नाही. आधी देश ठरतो, मग शहर, मग त्या शहरात कुणाचा आतेभाऊ राहतो का याची चौकशी होते, मग फीचा आकडा विचारतात आणि सगळ्यात शेवटी, अर्जातला रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून, विषय ठरतो. पुण्यात मेकॅनिकलची बीई करून चाकणला दोन वर्षं नोकरी केलेला मुलगा ओंटारियोत हॉस्पिटॅलिटीच्या डिप्लोमाला निघाला, तर मामांनी उगाच भुवया उंचावू नयेत. आपल्याकडे डिप्लोमा दहावीनंतर करतात, तिकडे बीईनंतर. एवढाच काय तो फरक.

पहिली पायरी कन्सल्टंटची. ऑफिस डेक्कनला असो, दादरला असो की नाशिकच्या कॉलेज रोडला, भिंतीवर मेपलचं पान आणि पासपोर्ट हातात धरून हसणाऱ्या मुलांचे फोटो असतातच. तुमच्याकडून सल्ल्याचे पैसे घेत नाहीत, हे ऐकून आई हळवी होते. पैसे कॉलेज देतं, तुमच्या पहिल्या वर्षाच्या फीमधून कमिशन म्हणून. त्यामुळे तुमच्यासाठी सर्वोत्तम कॉलेज कोणतं, हे ते क्षणात सांगू शकतात. पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहायचा हक्क, याबद्दल जे काही सांगायचं ते तोंडी सांगतात. कॅनडाच्या कायद्यानुसार इमिग्रेशनचा सल्ला पैसे घेऊन द्यायला परवाना लागतो. म्हणून पावतीवर ‘फक्त प्रवेशप्रक्रिया’ असं छापलेलं असतं आणि तोंडाने ‘सर, दोन वर्षं शिकायचं, तीन वर्षं काम करायचं, पीआर डन’ असं म्हटलेलं असतं. ‘डन’ हा शब्द लिहून मागू नका. विश्वास नावाची काही गोष्ट असते.

आता एसओपी. तुम्ही का जाताय आणि परत का येणार, याचा हा दोन-तीन पानी निबंध. शाळेत ‘मी मुख्याध्यापक झालो तर’ लिहिलेल्यांना जड जात नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतलं कलम २१६ सांगतं की मुदत संपल्यावर अर्जदार देश सोडून जाईल, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. गंमत अशी की त्याच देशाच्या कायद्यात हेही लिहिलंय की पुढेमागे स्थायिक व्हायची इच्छा असणं हे काही नकाराचं कारण नव्हे, मुदतीत निघून जायची तयारी असली म्हणजे झालं. म्हणजे खरं बोलायची थोडी सोय आहे. ती वापरायचा धीर कुणाला होत नाही, तुम्हीही करू नका. लिहा की आईवडील आता थकले आहेत, मी एकुलता एक आहे, सांगलीला वडिलोपार्जित शेती आहे आणि भारतातलं हॉटेल क्षेत्र माझी वाट पाहतंय. हे वाचून वडिलांचे डोळे पाणावतील. आपला मुलगा आपल्याबद्दल इतका विचार करतो हे त्यांना प्रथमच, तेही इंग्रजीत कळलेलं असतं.

पुराव्याला कोथरूडच्या टू बीएचकेची कागदपत्रं जोडा. मायदेशाशी असलेल्या अतूट नात्याचा याहून भक्कम पुरावा नाही. हाच फ्लॅट बँकेकडे तारण ठेवून एज्युकेशन लोन काढलेलं असतं, त्यामुळे मूळ कागद बँकेत असतात. पण झेरॉक्स चालते. एकच घर, त्याच्या जोरावर तुम्ही परत येणार हे सिद्ध होतं आणि त्याच्याच जोरावर तुम्ही जाता. वास्तुशास्त्राने याची अजून दखल घेतलेली नाही.

फीशिवाय वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे दाखवावे लागतात. बरीच वर्षं ही रक्कम १०,००० कॅनेडियन डॉलर होती. १ जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ झाली, सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. रुपयात चौदा-पंधरा लाखांच्या आसपास. हॉस्पिटॅलिटीचं नाव ऐकून ज्या मामांच्या भुवया उंचावल्या होत्या, त्यांची एफडी या टप्प्यावर उपयोगी पडते, म्हणून त्यांना पहिल्याच आठवड्यात दुखवू नये.

विमानतळावरचा फोटो, पहिला बर्फ, बेसमेंटमधली खोली आणि त्या खोलीतले इतर तिघे यांविषयी इंस्टाग्रामवर भरपूर माहिती आहे. (त्या तिघांची माहिती सहसा गाळलेली असते, बर्फाची नव्हे.) आपण कामाकडे वळू. विद्यार्थ्याला शिकता शिकता आठवड्याला २० तास काम करता येतं, असा नियम होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये दुकानांना माणसं कमी पडत होती, तेव्हा ही मर्यादा उठवली. माणसं मिळाली. एप्रिल २०२४ अखेर मर्यादा परत आली आणि त्या नोव्हेंबरपासून २४ तासांची झाली. चार तास वाढवून मिळाले, याबद्दल कृतज्ञ असावं. त्यात भाडं निघत नाही, ही अर्थशास्त्राची अडचण आहे, इमिग्रेशनची नाही.

आणि हे काम करताना ‘कॅनडाचा अनुभव मिळतोय’ असं मनाशी घोकत राहा. घोकल्याने तो मिळत नाही, पण शिफ्ट सरते. पीआरच्या हिशेबात फुलटाइम शिकत असताना केलेलं काम कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लासमध्ये (कॅनडातल्या अनुभवावर पीआर द्यायच्या योजनेत) धरतच नाहीत. शिवाय कामांची वर्गवारी आहे, टीअर शून्यपासून पाचपर्यंत, आणि अनुभव लागतो शून्य ते तीनमधला. कॉफीच्या काउंटरवरचा माणूस पाचात बसतो. म्हणजे ते दोन वर्षांचे डबल-डबल (दोन क्रीम, दोन साखरेची तिथली कॉफी) दोन वेगवेगळ्या कारणांनी शून्य. पण ‘फूड सर्व्हिस सुपरवायझर’ टीअर दोनमध्ये बसतो! म्हणून डिप्लोमा संपून वर्क परमिट हाती पडलं की ताबडतोब सुपरवायझर व्हा. सगळेच होतात. अशी सँडविचची दुकानं निघाली आहेत जिथे देखरेख करणारे चार आणि देखरेख करून घेणारा एक, तोही नुकताच आलेला विद्यार्थी, ज्याला अजून वर्क परमिट मिळायचंय.

आता पीआरसाठीच्या गुणांचं गणित. हे नीट वाचा, कारण तुम्ही दहावी-बारावी-सीईटीत घडलेले आहात आणि गुण म्हटले की तुमचा जीव लागतो. एकूण १२०० पैकी मोजतात. वयाला, एकटे असाल तर, जास्तीत जास्त ११० गुण, विसाव्या वर्षापासून एकोणतिसाव्यापर्यंत. तिसाव्या वाढदिवसाला १०५, एकतिसाव्याला ९९, पस्तिसाव्याला ७७. कुणी शुभेच्छा दिल्या तर आभार मानून विषय बदलावा. कॅनडात एक-दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला, की त्याचे खास गुण मिळतात १५. फ्लॅट, मामांची एफडी आणि बाबांचं रिटायरमेंट पुढे ढकलून मिळवलेले हे १५. तुमचा सख्खा भाऊ किंवा बहीण आधीच तिथे पीआर असेल तर त्याचेही १५ मिळतात, आणि त्यासाठी असाइनमेंट लिहावी लागत नाही. आईवडिलांनी कुटुंबनियोजन करताना याचा विचार करायला हवा होता. (वर्क परमिट, त्यावरच्या अनुभवाचे गुण वगैरे डिप्लोमामुळे मिळतं, हे मान्य. पण १ नोव्हेंबर २०२४ पासून अर्ज केलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना तेही ठरावीक विषयांनाच. विषय नंतर बघू म्हटलं होतं ना, ते हे.)

लग्नाचंही बघावं लागतं. जोडीदारासह अर्ज केलात की तुमच्या वाट्याचे ४० गुण कापून जोडीदाराच्या नावे ठेवतात: शिक्षणाचे १०, भाषेचे २०, कॅनडातल्या कामाचे १०. ते मिळवून आणायचे तिने किंवा त्याने. पत्रिकेतले ३६ गुण जुळले आणि हे ४० जुळले नाहीत, तर ड्रॉच्या दिवशी (म्हणजे वरच्या गुणवाल्यांना पीआरसाठी बोलावतात त्या दिवशी) संसाराला पहिला तडा जातो. त्यामुळे स्थळ बघताना मंगळ असला तर चालेल, पण इंग्रजीच्या परीक्षेत, आयईएलटीएसमध्ये, रायटिंगला साडेपाच असता कामा नये. पूर्वी एमबीए झालेल्या नवऱ्याला हॉस्पिटॅलिटीच्या डिप्लोमाला बसवून बायकोने ओपन वर्क परमिटवर, म्हणजे कुठल्याही मालकाकडे, नोकरी करायची, असाही मार्ग होता. आता जोडीदाराला तो परमिट मिळायला तुमचं शिक्षण मास्टर्स किंवा त्यावरचं असावं लागतं. काही मोजके व्यावसायिक अभ्यासक्रम सोडले, तर डिप्लोमावाल्यांनी एकट्यानेच झुरायचं आहे.

एवढं करून गुण भरतात साधारण साडेचारशेच्या घरात, आणि कॅनडातल्या अनुभवावर बोलावणं काढलं की कटऑफ पाचशेच्या वर जातो. मधली दरी भरायला नोकरीचं पत्र असायचं. त्याला ५० गुण, फार वरच्या पदाला २००. ज्याला गुण आहेत त्याला भाव असतो, त्यामुळे पत्रांचा बाजार भरला. हजारो डॉलर मोजून लोकांनी पत्रं घेतली. २५ मार्च २०२५ ला सरकारने ते गुणच काढून टाकले. ज्यांनी फेब्रुवारीत पैसे दिले त्यांच्याकडे चांगल्या कागदावर छापलेलं पत्र आहे. फ्रेम करून लावलं तर बेसमेंटला शोभा येते.

तर आता उरलं फ्रेंच. इंग्रजीसोबत फ्रेंच बरं असेल तर ५० जास्तीचे गुण आणि वर फ्रेंचवाल्यांचा वेगळा ड्रॉ, ज्याचा कटऑफ २०२४ मध्ये एकदा ३३६ पर्यंत उतरला होता. अकरावीत स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेतलेल्या आणि ‘जे माप्पेल’च्या (‘माझं नाव...’च्या) पुढे न गेलेल्या एका अख्ख्या पिढीला आज हुंदके येतात. संस्कृत घेतलेल्यांनी तर बोलूच नये, त्यांना शंभरपैकी शंभर मिळाले होते. मात्र अजून वेळ आहे. रात्रीची शिफ्ट संपवून पहाटे क्रियापदं चालवायची. टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनच्या बसमध्ये पंजाबी, गुजराती आणि मराठी मुलं कानात इअरफोन घालून फ्रेंच पुटपुटताना दिसतात. क्यूबेक या फ्रेंचभाषक प्रांताच्या बाहेर फ्रेंच टिकावी म्हणून कॅनडा जी धडपड करतोय, तिच्यात कोल्हापूरच्या पोरांचा हा वाटा इतिहासाने नोंदवायला हवा.

तुम्ही म्हणाल, निघालो तेव्हा नियम वेगळे होते. होते ना. २२ जानेवारी २०२४ ला विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर कमाल मर्यादा आली. ८ नोव्हेंबर २०२४ ला झटपट व्हिसाची एसडीएस योजना, बंद करतोय असं जाहीर केलं त्याच दिवशी, बंद झाली. पीआरचं २०२५ चं लक्ष्य पाच लाखांवरून ३,९५,००० वर आणलं. मे २०२४ मध्ये प्रिन्स एडवर्ड आयलंड या छोट्या प्रांतात नियम बदलले म्हणून आपल्याकडच्या मुलांनी उपोषणही करून पाहिलं. ज्या मंत्र्यांच्या काळात हे सगळं घडलं, त्यांनी काही कॉलेजांची तुलना कुत्र्यांची पिल्लं काढणाऱ्या कारखान्यांशी केली होती. या उपमेत पिल्लं कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. पण रागावू नका. घरभाडी वाढली, मतदार चिडले आणि कुठल्याही देशाने करावं तेच त्यांनी केलं. शिवाय कॅनडाने तुम्हाला पीआर देतो असं कुठल्याच कागदावर लिहून दिलेलं नव्हतं. लिहून दिलेलं होतं ते तुम्ही, परत येतो म्हणून.

म्हणून शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा धडा, घरच्या फोनचा. रविवारी रात्री व्हिडिओ कॉल लावताना जॅकेट चांगलं घाला आणि पाठीमागे खिडकी येईल असं बसा. बेसमेंटला खिडकी नसेल तर ‘कॅमेरा गंडलाय’ म्हणा. आई विचारेल, ‘जेवलास का?’ वडील विचारतील, ‘त्या ड्रॉचं काय झालं?’ दोन्हीला ‘हो, होतंय’ हे उत्तर चालतं. हप्ता सुरू झालेला असतो, पण तो विषय वडील काढत नाहीत आणि तुम्हीही काढायचा नाही. सोसायटीत आईने ‘तिकडेच सेटल झालाय’ असं सांगून ठेवलंय, तेव्हा वर्क परमिटची तारीख ही घरातल्या घरात ठेवायची गोष्ट आहे. टोरांटोच्या गणपतीतले फोटो मात्र जरूर टाका. फेटा बांधलेला फोटो. त्या फोटोवर ‘अभिमान आहे’ असं लिहिणाऱ्यांत तुमचा मावसभाऊ असेल. महिन्याभरात त्याचा फोन येईल.

‘दादा, यावं का रे मी पण?’

इथे तुम्हाला खरं सांगायचा मोह होईल. जिभेवर आलेलं असेल. पण सांगितलंत तर मावशी म्हणणार, ‘स्वतः जाऊन बसला आणि आमच्याला अडवतो.’ आणि मग फेट्यातल्या फोटोचं काय करणार? त्यापेक्षा त्याला आपल्या त्याच कन्सल्टंटचा नंबर द्या. जुन्या विद्यार्थ्याने नवा पाठवला की ते रेफरल म्हणून काहीतरी देतात. रक्कम रुपयांत आहे की डॉलरमध्ये, तेवढं मात्र आधी विचारून घ्या. आणि या वेळी लिहून घ्या.