जावईबापूंचं पापलेट

जावयाला उपाशी ठेवू नये, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जावयानेच सासऱ्याला उपाशी ठेवलं तर काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. आमचे जावई खाद्यपदार्थांचे कृष्णधवल फोटो काढतात. फाइन आर्ट. म्हणजे जेवण नुसतं बघायचं.

रविवारी सिटीलाइटच्या बाजारातून घासाघीस करून पापलेटं आणली. हिने रंगासाठी खास बेडगी मिरची वाटून कालवण केलं, वर कोथिंबीर पेरली. जावई म्हणाले, "आई, कृष्णधवलमध्ये लाल आणि हिरवा जवळजवळ सारखेच करडे येतात हो. लाल फिल्टर लावला तर लाल उजळेल, कोथिंबीर काळी पडेल."

"म्हणजे कालवण पांढरं दिसणार?"

"हो!" ते आनंदाने म्हणाले. ही आत निघून गेली.

कालवण बाद झालं. तळायला ठेवलेलं अख्खं पापलेट काळ्या कापडावर विराजमान झालं. उजेड खिडकीतून, एकाच बाजूने हवा. म्हणून माझी आरामखुर्ची हलली. ट्यूबलाइट बंद. पंखाही बंद, कारण कापडाची कड हलते. मे महिन्यात, माटुंगा रोडला, दुपारी!

एक्स्पोजर लांबलचक, तेवढा वेळ काही हलता कामा नये. आमची इमारत रुळांना खेटून. फास्ट लोकल गेली की टेबल थरथरतं, पापलेट शहारतं. जावयांनी मोबाइलवर गाड्यांचं वेळापत्रक उघडलं आणि दोन गाड्यांमधली फट शोधायला लागले. पुण्याचे आहेत. मुंबईत इतकी श्रद्धा कुणाची उरलेली नाही.

वाट बघताना त्यांनी एडवर्ड वेस्टनची गोष्ट सांगितली. या अमेरिकन माणसाने १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून फोटो काढला, तो जगभर गाजला. फोटो झाले की तो त्या मिरच्या खाऊनही टाकायचा म्हणे. मला या माणसाबद्दल एकदम आदर वाटला.

"बाबा, आपल्याकडे नरसाळं आहे?"

"आहे, पण प्लॅस्टिकचं. पिवळं."

"चालेल. करडंच येणार."

पापलेट नरसाळ्यात उभं राहीना. त्याला टेकू म्हणून मी देवघरातली घंटा दिली असती, पण हिने स्वयंपाकघरातूनच "खबरदार!" म्हटलं. जेवायला बसलो तेव्हा चार वाजून गेले होते आणि पापलेट तळण्याच्या पलीकडे गेलं होतं. गार कालवण-भात जेवलो. चव लालच होती.

पुढे तो फोटो मोठा करून, काळ्या चौकटीत, आमच्या हॉलमध्ये लागला. शेजारच्या काकू बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मग हळूच हिला म्हणाल्या, "भाऊजींचा एक्स-रे का हो? डॉक्टर काय म्हणाले?"