समेवरची मान

शास्त्रीय संगीत ऐकणे मला कधीच जड गेले नाही. जड जाते ते ऐकताना मान हलवणे. पुण्यातील एका मैफलीत विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या ख्यालाचा मुखडा, म्हणजे समेकडे नेणारी ओळ, जवळ आला आणि सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा (ठोका), आलीच या समजुतीने मी भरघोस मान हलवून ‘क्या बात है’ म्हणालो, तेव्हा समेला अजून दोन मात्रा अवकाश होता. शेजारच्या काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने एरवी मैफलीत वाजलेल्या मोबाईलच्या धन्याकडे पाहतात. अतिविलंबित एकतालाच्या बारा मात्रा पुऱ्या व्हायला जवळजवळ मिनिट लागते. म्हणजे चूक सुधारण्याची संधीही मिनिटभराने येणार आणि तोवर काका बघतच राहणार.

तेव्हापासून मी घरीच मैफल भरवतो. सुरुवात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांपासून केली, कारण त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत आणि तेवढ्यात राग, बंदिश, ताना सारे उरकायचे असल्याने गवयाला माझ्यासारख्याचा अंत पाहण्यास सवडच नसे. गायिका गौहर जान यांच्या १९०२ सालच्या मुद्रिका तर माझ्या विशेष सोयीच्या आहेत. तबकड्या तयार होत जर्मनीत. तेथील कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे म्हणून गाणे संपताच त्या स्वतःच ‘माय नेम इज गौहर जान’ असे ठणकावून सांगत. वाहवा नेमकी केव्हा करावी, हे इतक्या स्पष्ट शब्दांत मला दुसऱ्या कोणत्याही कलावंताने सांगितलेले नाही.

चित्रपट त्याहून कनवाळू. १९५२च्या ‘बैजू बावरा’मध्ये अमीर खाँ आणि द. वि. पलुसकर यांचा देसी रागातील सामना रंगतो. पण जिंकले कोण हे ओळखायला तयार कान लागत नाही, पडद्यावर ज्याच्या गाण्याने दगड वितळला, तो जिंकला असे समजावे. १९५६च्या ‘बसंत बहार’मध्ये तर साक्षात भीमसेन जोशी मन्ना डे यांच्याकडून हरतात, कारण मन्ना डे नायकासाठी गात असतात. निकाल पटकथेनेच लावल्यावर श्रोत्यावर कसलीच जबाबदारी उरत नाही. आमच्या घरी मात्र ही गाणी लावल्यावर आजवर वितळले ते फक्त फ्रीजबाहेर राहिलेले लोणी.

खरा शोध लागला तो मैफलींचे व्हिडिओ पाहताना. गवयाकडे पाहायचेच नाही, तबलजीकडे पाहायचे. सम जवळ आली की तो गवयाकडे बघतो, किंचित हसतो आणि मगच ‘धिं’ पडतो. दुर्दैवाने जुन्या चित्रीकरणांत कॅमेऱ्याला नेमक्या याच क्षणी मागे तानपुरा धरून बसलेल्या, शेवटच्या बसच्या काळजीत पडलेल्या शिष्याचे दर्शन घडवण्याची उबळ येते. यावर मुलीने उपाय सुचवला, “बाबा, स्पीड दुप्पट करा, सम लवकर येईल.” मी केला. खाँसाहेबांचे विलंबित गाडी चुकल्यासारखे धावू लागले आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, पाप लागेल!”

हिने माहेरी गाण्याच्या ‘मध्यमा पूर्ण’पर्यंत परीक्षा दिल्या आहेत, ही गोष्ट मी बावीस वर्षांच्या संसारात विसरूनच गेलो होतो. स्पीड पूर्ववत करून सहज तिकडे पाहिले, तर आमटी ढवळताना तिचा डाव बरोबर समेवर पातेल्याच्या काठाला अलगद टेकत होता. मी तत्काळ खुर्ची फिरवली. आता टीव्ही माझ्या पाठीशी असतो आणि आमटी समोर. पाहुणे आले असताना सलग तीन समा अचूक पकडल्याने माझा लौकिकही थोडा वाढला.

गेल्या रविवारी सकाळी तोडी रागाची मैफल लावली होती. मुखडा उचलला गेला, डाव काठावर टणकन आपटला आणि मी डोळे मिटून, मान हलवून ‘क्या बात है’ म्हणालो.

“अहो,” ती म्हणाली, “डाव झटकला मी. समेला अजून तीन मात्रा आहेत.”