अलेक्झांड्रियाचा दीपस्तंभ भूकंपांनी पडला, अरबांनी पाडला नाही

रविवारी ताईकडे गेलो तेव्हा भाचा चार्ट पेपर पसरून जमिनीवर पालथा पडला होता. सातवीचा प्रकल्प, विषय प्राचीन जगातली सात आश्चर्यं. मधोमध इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा दीपस्तंभ, त्याच्या टोकावर आरसा, आरशातून निघालेली लाल स्केचपेनची रेघ थेट समुद्रातल्या जहाजापर्यंत, आणि जहाज पेटलेलं. खाली त्याच्या गोल गोल अक्षरात लिहिलं होतं, 'इ.स. ६४२ मध्ये अरबांनी द्वेषापोटी हा दीपस्तंभ पाडला.' हे कुठून आणलंस म्हणून विचारलं, तर त्याने ताईचा मोबाइल माझ्या हातात दिला. आमच्याच घरच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड. नंतरच्या दोन दिवसांत तोच मला आणखी तीन ग्रुपवर दिसला, म्हणून हे लिहायला बसलोय.

त्यातले दावे असे : दीपस्तंभाचं 'फारोस' हे नाव संस्कृत 'प्रकाश'वरून आलं. कोकणातली जहाजं याच दीपस्तंभाखाली नांगर टाकायची. त्याचा उजेड ५०० किलोमीटरवरून दिसायचा. वरचा आरसा ५० किलोमीटरवरची शत्रूची जहाजं जाळायचा. आणि शेवटी अरबांनी तो पाडला.

नावाचं लगेच निकालात काढतो. फारोस हे बेटाचं नाव. ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी'त ते आहे, आणि दीपस्तंभ उभा राहिला त्यानंतर कित्येक शतकांनी, इ.स.पू. २८०च्या सुमारास, इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी याच्या काळात. बेटावरून दीपस्तंभाला नाव पडलं.

कोकणचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. कल्याण, सोपारा, चौल ही बंदरं ग्रीक खलाशांना नावानिशी माहीत होती आणि आपल्याकडचा माल अलेक्झांड्रियापर्यंत जात होता. पण माल गेला, जहाजं नाही. जहाजं तांबड्या समुद्रातल्या बेरेनिकेसारख्या बंदरात रिकामी व्हायची, तिथून उंटांवरून नाईलकाठच्या कॉप्टोसला आणि पुढे नदीतल्या होड्यांतून अलेक्झांड्रियाला.

उजेडाचंही तसंच फुगवलंय. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस ३०० स्टेडिया लिहितो, म्हणजे साधारण ५५ किलोमीटर, आणि तेही किंचित जास्तच आहे. दीपस्तंभ शंभरेक मीटर उंच होता. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या उंचीवरचा दिवा जहाजाच्या डोलकाठीवरूनही ४५-५० किलोमीटरपलीकडे दिसत नाही. ५०० किलोमीटरवरून दिसायचा तर मनोरा एव्हरेस्टच्या जवळपास दुप्पट उंच हवा.

आता आरसा. मध्ययुगीन अरबी ग्रंथांत या आरशाच्या अद्भुत कथा आहेत, म्हणजे गोष्ट फॉरवर्डवाल्याच्या डोक्यातून निघालेली नाही. पण गोष्ट ती गोष्टच. सूर्य आपल्याला ठिपक्यासारखा नाही, अर्ध्या अंशाच्या थाळीएवढा दिसतो. त्यामुळे आरसा कितीही अचूक घडवला तरी ५० किलोमीटरवर त्याचा कवडसा साडेचारशे मीटर रुंद पसरणार. पाच मीटरचा आरसा धरला, तर त्या कवडशातलं ऊन साध्या उन्हाच्या आठ हजाराव्या भागाइतकं उरतं. जहाज सोडा, त्याने ओला पंचा वाळणार नाही. आणि असं अस्त्र हाताशी असतं तर इ.स.पू. ४८मध्ये रोमन सेनापती ज्युलियस सीझरला शहरवाल्यांनी बंदरातच जाळला असता. प्रत्यक्षात जहाजं सीझरनेच पेटवली, साध्या आगीने, आणि फारोस सैनिक उतरवून घेतला. का घेतला तेही तो स्वतः लिहून गेलाय : बंदराचं तोंड इतकं अरुंद की फारोस ज्याच्या ताब्यात, त्याच्या मर्जीशिवाय जहाज आत येऊ शकत नाही.

एवढंच असतं तर भाच्याला समजावून मी गप्प बसलो असतो. शेवटचं वाक्य मात्र मला सोडवत नाही. बारा वर्षांच्या मुलाच्या हातून 'द्वेषापोटी' हा शब्द लिहून घेतलाय त्या मेसेजने, आणि तो साफ खोटा आहे.

अरबांनी शहर घेतल्यावर दीपस्तंभ पुढे सहाशेहून जास्त वर्षं उभा होता. नवव्या शतकात इजिप्तचा सत्ताधीश अहमद इब्न तुलून याने त्याची डागडुजी करून माथ्यावर लाकडी घुमट बसवला. ११६६मध्ये स्पेनमधल्या मालागाहून आलेल्या अल-बलवी या प्रवाशाने आतून वर चढत दोरीने मापं घेतली. आतून दीपस्तंभ कसा होता याची इतकी बारीक माहिती दुसरीकडे क्वचितच मिळते. ११८३मध्ये इब्न जुबैर या प्रवाशाला वर मशीद दिसली, लोक तिथे नमाज पढायला चढत होते.

आणि एवढ्यानेही कुणाचं समाधान होत नसेल, तर मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता वाचा. १३२६मध्ये तो तिथे गेला. एक बाजू ढासळलेली होती. १३०३च्या ऑगस्टमध्ये क्रीटजवळ झालेल्या भूकंपाने अलेक्झांड्रियाला जबर तडाखा दिला होता आणि त्याआधीच्या भूकंपांनीही मनोरा खिळखिळा केला होता. तरी इब्न बतूता आत जाऊ शकला. दार जमिनीपासून उंचावर, समोर तेवढ्याच उंचीची एक इमारत, मध्ये लाकडी फळ्या टाकलेल्या. त्या फळ्यांवरून दारात जायचं. फळ्या काढल्या की वाट बंद. दाराच्या आत राखणदाराची जागा. १३४९मध्ये तो पुन्हा आला तेव्हा मनोऱ्याची इतकी पडझड झाली होती की दारापर्यंत चढताही येईना. तिथेच तो आणखी एक गोष्ट नोंदवतो : इजिप्तचा सुलतान अल-नासिर याने समोरच तसाच दुसरा दीपस्तंभ बांधायला घेतला होता, पण पुरा होण्याआधी तो वारला. द्वेषाने पाडणारे लोक त्याच्यासारखाच दुसरा बांधायला घेतात का?

याच्या विरुद्ध जाणाऱ्या दोन गोष्टी आहेत, त्याही सांगतो. दहाव्या शतकातला अरब इतिहासकार अल-मसूदी एक कथा देतो : कॉन्स्टँटिनोपलच्या रोमन सम्राटाच्या हस्तकाने खाली खजिना असल्याची थाप मारली आणि खलिफा वलीदच्या माणसांनी वरचा भाग उतरवला. ती खरी धरली तरी कारण लोभाचं निघतं, आणि वलीद आठव्या शतकातला, म्हणजे ६४२मध्ये दीपस्तंभ पाडलेला नव्हताच. दुसरी गोष्ट, इजिप्तचा सुलतान कायतबे याने १४७७मध्ये त्याच जागी किल्ला बांधायला घेतला आणि पडलेले दगड त्यात वापरले गेले. मनोरा पडून तेव्हा शंभराहून जास्त वर्षं झाली होती.

बाकीचे दगड किल्ल्याशेजारी समुद्रात आहेत. १९९४पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जाँ-इव्ह आँपरर यांच्या पथकाने तिथे बुड्या मारून हजारो तुकड्यांची नोंद केली. २०२५मध्ये त्यांतले बावीस मोठे दगड पाण्याबाहेर काढले. त्यांत दरवाजाची चौकट आहे, एकेक दगड ७०-८० टनांपर्यंतचा.

भाच्याने आरसा खोडलाय. चार्टवर आता दार काढणार आहे, फळ्यांसकट. ताई, तो फॉरवर्ड तूच ग्रुपवर टाकला होतास, तेव्हा हेही तूच टाक.